तारीख विसरणारं मशीन

ठकीला जायचं होतं दाताच्या दवाखान्यात, तिथला प्रिंटर कागद चावत होता म्हणून. पण जिना चढून तिने डावीकडचं दार उघडायच्या ऐवजी उजवीकडचं उघडलं, आणि ती शिरली वाचनालयात. आत वर्तमानपत्रांच्या आड तीन म्हातारे बसले होते. टेबलामागे एक तरुण ग्रंथपाल संगणकाच्या काळ्या पडद्याकडे असा बघत होता, जणू घरातलं कुणी रुसून बसलंय.

“दवाखाना समोर,” त्याने मान वर न करता सांगितलं. “रोज दोघं-तिघं चुकतात. दाढ दुखत असली की डावं-उजवं कळत नाही.”

“माझ्या दाढा ठणठणीत आहेत. पडद्यावर काय लिहून आलंय?”

आता त्याने वर बघितलं. खांद्याला हत्यारांची पिशवी, कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचलेला.

“चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही म्हणतोय. परवा जुनी सिस्टीम कायमची झोपली, म्हणून काल मी स्वतः लिनक्स नावाची नवी सिस्टीम टाकली. पुस्तकात बघून, अक्षर न् अक्षर तसंच. शेवटी ‘अभिनंदन’ असंही आलं. बंद करून चालू केलं, तर हे.” तो जरा थांबला. “अभिनंदन कशाबद्दल केलं, कुणास ठाऊक.”

ठकीने खुर्ची ओढली. मशीन बारा-तेरा वर्षांचं होतं, पण हाडापेराने मजबूत. दहा मिनिटांत तिला रोग सापडला.

“तुम्ही लिनक्स टाकलंय नव्या पद्धतीने आणि हे मशीन त्याला शोधतंय जुन्या पद्धतीने. दोघं एकाच घरात आहेत, पण बोलत नाहीत.”

“आमच्या काका-काकूंसारखं.”

“त्यांच्यात मध्यस्थी कोण करतं?”

“मीच. लहानपणापासून.”

“मग आज तुम्हाला सुट्टी,” ती म्हणाली आणि तिने सेटिंग बदललं. मशीन घुरघुरलं, आणि पडद्यावर निळा रंग पसरला. ग्रंथपाल हसला. अगदी मोकळं, बेसावध हसला. ठकीला उगाचच पिशवीची चेन दोनदा लावावी लागली.

ती निघताना त्याने सांगितलं, ते तिने नीट ऐकलं. गुरुवारी पाचच्या आत सगळ्या पुस्तकांची यादी मुख्य कार्यालयात पोचवायची होती. यादी नसेल तर ही शाखा बंद, आणि पुस्तकं इतर शाखांना वाटून टाकणार. पाचशे नोंदी अजून बाकी होत्या. त्या दिवशी मंगळवार होता.

बुधवारी सकाळी साडेनऊला फोन आला. “मॅडम, काका-काकूंनी पुन्हा अबोला धरलाय.”

ठकीचे कान तापले. तिने एकदा हात लावला की दुसऱ्यांदा बोलावणं येत नाही, असा तिचा लौकिक होता. ती तडक गेली. सेटिंगचं पान उघडलं तर कालचा बदल पुसला गेलेला, आणि कोपऱ्यात तारीख एक जानेवारी, साल तेरा वर्षांपूर्वीचं.

“संध्याकाळी जाताना तुम्ही मेन स्विच बंद करता का?”

“नियमच आहे तसा. वायरिंग जुनं आहे ना.”

तिला सगळं कळून चुकलं. मशीनच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. वीज गेली तरी तारीख आणि सेटिंग तो धरून ठेवतो. इथला सेल मेला होता, म्हणून रात्रभर वीज तुटली की सकाळी मशीन सगळं विसरायचं. सेल बदलायला दोन मिनिटं पुरे होती. नवा सेल पिशवीत होताही.

तिने पिशवीत हात घातला, तेवढ्यात त्याने विचारलं, “तुम्हाला कंटाळा नाही येत? रोज उठून लोकांचं बिघडलेलंच बघायचं...”

आजवर हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

“येतो की. पण चालू झाल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्यासाठी जाते.”

“काल माझा कसा झाला होता?”

“इथपर्यंत,” तिने स्वतःच्या कानाला हात लावला.

“काय इथपर्यंत?”

“हसू, आणखी काय!”

एका म्हाताऱ्याने वर्तमानपत्र जोरात फडफडवलं. दोघांनाही एकदमच हसू फुटलं. ठकीचा हात पिशवीतून रिकामाच बाहेर आला. तिने नुसतं सेटिंग बदललं. मशीन सुरू झालं.

“आता पुन्हा नाही ना होणार?” त्याने विचारलं.

“नाही झालं तर बरंच,” ती म्हणाली. ते ना धड खरं होतं, ना धड खोटं. मनात तिने हिशेब मांडला होता – उद्या सकाळी दहाला यायचं, सेल बदलायचा, त्याच्या हातात सात तास उरतील. कुणाचं काय बिघडलं?

संध्याकाळी आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आईबापामागे तिनेच ठकीला वाढवलं होतं, त्यामुळे तिच्यापासून काही लपत नसे.

“वाचनालयात दोन तास? एवढं काय बिघडलं होतं?”

“सेल गेला होता.”

“सेल बदलायला दोन तास?”

“बदलला नाही.”

आत्याचा हात थांबला. तिने भाचीकडे नीट निरखून पाहिलं, आणि तिला सगळं उमगलं. “अगं, लहानपणी लाकडाच्या ठकीबाहुलीसारखी दिसायचीस म्हणून ते नाव ठेवलं. लोकांना ठकवायला नव्हे! हौसेला मोल नसतं म्हणतात. पण असलंच, तर ते दुसऱ्याने का म्हणून द्यायचं?”

“सकाळी जाते ना लगेच,” ठकी पुटपुटली. पण तिला जेवण गेलं नाही.

गुरुवारी ती नऊलाच निघाली. अर्ध्या वाटेत फोन वाजला. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतलं मशीन बंद पडलं होतं. आजाऱ्यांचे अहवाल अडकले होते, एकाचं ऑपरेशन त्यामुळे खोळंबलं होतं. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. साडेनऊला ग्रंथपालाचा फोन आला, तेव्हा ती तिथे जमिनीवर मांडी घालून बसली होती.

“तासाभरात येते,” ती म्हणाली. पोचायला पावणेदोन वाजले.

वाचनालयात वर्तमानपत्रं घडी न मोडता पडली होती. एक म्हातारा नोंदवहीतून पुस्तकांची नावं मोठ्याने वाचत होता, दुसरा भिंग धरून लेखकांची नावं सांगत होता, तिसरा कागदावर रेघा आखत होता. आणि ग्रंथपाल हाताने लिहीत होता, बोटं शाईने निळी झालेली. हाताने लिहिलेल्या धरून मशीनबाहेर अजून दोनशे तेरा नोंदी होत्या. आधीच्या सगळ्या त्या बंद मशीनमध्ये अडकल्या होत्या.

ठकीने पिशवी खाली ठेवली. झाकण उघडलं, जुना सेल काढला, नवा बसवला, सेटिंग केलं. पडदा निळा झाला.

ग्रंथपालाने घड्याळाकडे पाहिलं. “एवढंच होतं?”

“आज सापडलं,” असं म्हणून सुटता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते.

“एवढंच होतं,” ठकी म्हणाली. “आणि ते मला कालच कळलं होतं. सेल पिशवीत होता. पण तो बदलला असता तर... आज इथे यायला कारण उरलं नसतं.”

नोंदवही वाचणारा म्हातारा मध्येच थांबला. ग्रंथपाल शाईची बोटं रुमालाला पुसू लागला. मग वाचनालयात बोलतात तितक्याच हळू आवाजात म्हणाला, “नुसतं ‘उद्या येऊ का’ विचारलं असतंत तरी चाललं असतं. सकाळपासून मला वाटतंय, माझ्याच हातून काहीतरी मोडलं. माझ्यामुळे ही शाखा जाणार.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“तुम्ही वाचा,” ती डोळे पुसून म्हणाली. “मी टाइप करते. माझा हात चालतो.”

तो वाचत गेला, ती टाइप करत गेली. म्हातारे पानं उलटून देत होते. कामापलीकडे एक शब्द नाही. चार पंचवीसला शेवटची नोंद झाली, यादी पेनड्राइव्हवर उतरली, आणि एका म्हाताऱ्याच्या स्कूटरवरून ग्रंथपाल ती घेऊन गेला. पाचला पाच कमी असताना फोन आला तो दुसऱ्या म्हाताऱ्याला. “दिली म्हणतो यादी. शाखा राहिली,” म्हातारा म्हणाला. ठकीने पिशवी उचलली आणि ती घरी गेली.

मग नऊ दिवस काहीच नाही. मशीन नीट चालत होतं, तर फोन येणार कशाला? आत्याने दोनदा तिच्याकडे बघितलं आणि दोन्ही वेळा घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

दहाव्या दिवशी ठकी रिकाम्या हाताने जिना चढली आणि थेट टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“काही बिघडलंय?” त्याने विचारलं.

“नाही. सभासद व्हायचंय.”

त्याने खणातून अर्ज काढून पुढे सरकवला. “ओळख देणारा एक जुना सभासद लागतो.”

“माझी इथे एकाशीच ओळख आहे. आणि तो... रागावलाय.”

“होता,” तो म्हणाला. “चार दिवस. पाचव्या दिवसापासून मशीन कधी बिघडतंय याची वाट बघत होतो. बिघडतच नाही.”

“काम चांगलं झालंय मग.”

“तीच तर तक्रार आहे.”

ठकीला हसू आवरेना. अर्जावर लिहिण्याचं निमित्त करून तिने मान खाली घातली. शेवटी पेन बाजूला ठेवलं, आणि सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, “सहाला बंद करता ना? मी खाली थांबू का? काम काही नाही. नुसतीच... तुमच्याबरोबर चालत जायला.”

त्याचे कान लाल झाले. त्याने अर्ज जवळ ओढला आणि ओळख देणाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली. सही जरा वाकडीच आली.

“थांबा,” तो म्हणाला. “पण खाली कशाला? इथेच थांबा की.”

वर्तमानपत्राच्या आडून आवाज आला, “अरे, आज पाचलाच बंद कर. आम्ही कुणाला सांगणार नाही.”