दाढेतले थर

डॉ. वासंती गोठोसकरांनी सूक्ष्मदर्शकाखालचा काप पुन्हा एकदा पाहिला आणि डॉ. साबडेंना खुर्ची मोकळी करून दिली. बॅटरी कारखान्याच्या दवाखान्यात गेल्या दोन वर्षांत वासंतींनी दोनशे बारा कामगारांच्या किडलेल्या दाढा 'वर्धिष्णू भरणा'ने भरल्या होत्या. ते भरण साबडेंनीच कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधलेलं.

"भरणातले तुमचे बीजस्फटिक लाळेतलं कॅल्शियम ओढून रोज एक पातळ थर चढवतात, म्हणून भरण हुबेहूब दातासारखं दिसतं," वासंती म्हणाल्या. "पण लाळेत असेल ते सगळंच थरात अडकतं. गेल्या चौदा महिन्यांचे थर राखाडी आहेत. ते शिसं आहे."

साबडेंनी भिंगावरून डोळा न हटवता विचारलं, "कोणाचं भरण?"

"सुलभा पाष्टेचं. ओतकाम विभागात आहे. टवका उडाला म्हणून आली होती."

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा आदेश आला: रंगदोषामुळे सर्व वर्धिष्णू भरणं काढून साधी भरावीत. आदेश घेऊन साबडेच आले होते.

"मी काढणार नाही," वासंती म्हणाल्या.

"दुसरं कोणीतरी काढेल."

"काढू दे. माझा नकार लेखी घेऊन जा."

वासंतींची नोकरी गेली; तो काप कंपनीने ठेवून घेतला. बाहेरून आणलेल्या डॉक्टरांनी नऊ दिवसांत सगळी भरणं कोरून काढली. वासंतींच्या तक्रारीवरून सरकारी चौकशी लागली, तेव्हा कंपनीच्या वकिलाने शांतपणे सांगितलं, की शिशाचा पुरावा नाही.

त्या आठवड्यात सुलभा वासंतींच्या घरी आली. गाल अजून दुखत होता. "डॉक्टरबाई, कोरताना तो डॉक्टर सारखा थांबत होता. भरण कुठं संपतं आणि दाढ कुठं सुरू होते, तेच त्याला कळेना."

वासंतींनी उजेडात तिची दाढ नीट तपासली. मग म्हणाल्या, "सुलभा, मला तुझी दाढ लागेल. चांगली आहे, वाचवता आली असती."

"उपटा. भाकरी दुसऱ्या बाजूनं चावेन."

आयुष्यभर दात वाचवणाऱ्या वासंतींनी त्या दिवशी चांगल्या दाढेला चिमटा लावला. दाढ मुळासकट निघाली.

चौकशी अधिकाऱ्यांनी त्या दाढेचा काप तपासायला साबडेंनाच बोलावलं. ते एकेक थर मोजत राहिले.

"बीजस्फटिक दाढेत उतरलेत," ते अखेर म्हणाले. "भरण गेलं, तरी आता दाढ स्वतःच थर चढवते आहे. शेवटचे सव्वीस थर भरण काढल्यानंतरचे आहेत. तेही राखाडी."

"हे विश्वासार्ह नाही," वकील म्हणाला.

"आहे," साबडे म्हणाले. "संशोधन माझं आहे."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "अशा आणखी किती दाढा?"

"दोनशे अकरा. सगळ्या कामगारांच्या तोंडात आहेत, आणि रोज एक थर वाढतो आहे," वासंती म्हणाल्या. मग त्या वकिलाकडे वळल्या. "आता काढा आदेश. कामगारांच्या दाढा उपटायचा."