दुसऱ्या दिवाळीआधीची रेशमा

बार्शीच्या ‘उभारी’ न्यासात कर्ज मागायला येणाऱ्याला आधी चहा मिळे आणि मग भविष्य. भविष्य सांगणाऱ्या यंत्राचं कागदोपत्री नाव ‘प्रतिरूपक’ होतं, पण गावात सगळे त्याला पिंगळाच म्हणत. माणसाचा धंदा, गिऱ्हाईक, सवयी, सोबती हे सगळं त्याला पुरवलं, की तो त्या माणसाची हुबेहूब पडछाया तयार करी आणि तिला पुढची तीन वर्षं हजारदा जगायला लावी. पडछाया तगली, तर बिनव्याजी कर्ज मंजूर. देणगीदारांचा पैसा बुडू नये म्हणून केलेली ही सोय होती आणि ती गैर होती असंही नाही.

रेशमा तांबोळी रिक्षांच्या मेलेल्या बॅटऱ्या उघडून त्यातले जिवंत सेल निवडायची आणि नव्या बॅटऱ्या बांधायची. गावातल्या रिक्षा संघटनेने तिला सगळं काम देऊ केलं होतं. अट एकच, सेल तपासायचं यंत्र हवं. त्यासाठीच ती आली होती.

“पिंगळा नाही म्हणतोय,” न्यासाची अधिकारी ओवी शिराळकर पडद्याकडे बघत म्हणाली. “दुसऱ्या दिवाळीआधी तुम्ही यंत्र विकून टाकता.”

“मी? अन् ते का म्हणून?”

ओवीने पडछायेचा प्रवास मागे नेला आणि बुचकळ्यात पडली. रेशमाचा धंदा झकास चालला होता. पण ती स्वतःच्या हप्त्याबरोबर उज्ज्वला गवळीचाही हप्ता भरत होती आणि दोन्ही पेलेनात, तेव्हा यंत्र विकत होती. उज्ज्वला तिच्याच बचत गटातली, उन्हात भाज्या वाळवून विकणारी. तिचं कर्ज कालच मंजूर झालं होतं.

“बहुतेक वेळा उज्ज्वलाताईंचा माल जातो,” ओवी म्हणाली. “कधी गारपीट, कधी आजारपण. तरी त्या तगतात. तुम्ही भरता म्हणून.”

“आमच्या गटाची रीतच हाय ताई. एकीचा हप्ता अडला, की बैठक उठायच्या आत दुसरीनं भरायचा. अन् त्यावर चकार शब्द काढायचा न्हाई. बोललं की त्या बाईची मान खाली जाती.”

“भरतं कोण पण?”

“मीच, बहुतेक. बाकीच्यांना वाटतं, भरलं असंल कुणीतरी.”

पिंगळ्याचं शहाणपण बघा! ज्या चांगुलपणाच्या भरवशावर त्याने उज्ज्वलाला पास केलं, त्याच चांगुलपणापायी रेशमाला नापास केलं. ओवीला संताप आला. असे आणखी किती अर्ज आपण फेटाळले असतील, या विचाराने भीतीही वाटली.

“तिचे हप्ते भरणार नाही असं लिहून द्या. लगेच मंजूर करते.”

“खोटं लिहू? अन् मी न्हाई भरलं, तर तिचं काय?”

ओवीने तेही तपासून पाहिलं. रेशमाचा आधार काढताच उज्ज्वलाची पडछाया कोसळली.

रेशमाने पदर खोचला. “समद्या गटाला हितं बोलवा. भरायची रीत ऱ्हाऊ द्या, गप बसायची तेवढी मोडू. समद्यांनी थोडं थोडं भरलं, तर यंत्र कशाला इकायचं?”

दुपारी गटातल्या बायका जमल्या. सगळं ऐकून उज्ज्वलाचे डोळे भरून आले. “मग मला नकोच ते कर्ज,” ती म्हणाली.

“गप गं,” रेशमा खेकसली. “अजून गारा पडल्या न्हाईत.”

कुणी हसलं, कुणी मान हलवली. हो मात्र सगळ्याच म्हणाल्या. ओवीने ही बैठकही पिंगळ्याला पुरवली आणि दोघींच्या पडछाया एकत्र चालवल्या. बराच वेळ घेऊन उत्तर आलं: ‘पडछायांना स्वतःचं भविष्य ठाऊक आहे. भाकीत शक्य नाही.’

बैठकीत भाकीत ऐकलेल्या पडछाया आता ते टाळायला वागणं बदलत होत्या. न्यासाच्या नियमांत अशा उत्तराची सोयच नव्हती. ओवीने स्वतःच्या जबाबदारीवर रेशमाच्या अर्जावर सही केली. पैसे बुडाले, तर नोकरी तिचीच जाणार होती. सही करताना तिने जमलेल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली. गारा खरंच पडतील तेव्हा यातले किती हात पुढे येतील?

रेशमाने ते हेरलं. “ताई,” ती म्हणाली, “गारा पडल्यावर भरणाऱ्यांत एक हात तुमचाबी धरू का?”