दादाचा ग्लास

त्या सकाळी मी तळ्यावर निघाले ती फक्त तिकिटांची खिडकी उघडायला. डोंगरातल्या मोठ्या धरणाच्या खाली आमचं हे छोटंसं, होड्यांपुरतं तळं, मातीचा बांध घालून केलेलं. त्या दिवशी होड्यांची शर्यत होती. माझी लेक पहिल्यांदाच वल्हं हातात घेणार होती आणि तिच्यापेक्षा मलाच जास्त धडधडत होतं. धुकं इतकं दाट, की तळं कुठे संपतं आणि बांध कुठे सुरू होतो ते कळेना.

खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याने भरलेला ग्लास होता.

मी तो लगेच ओळखला. माझ्या दादाचा. दादा या बांधाचा राखणदार. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. ते पाणी पायथ्याच्या दगडी गटारातून वाहून जातं. दादा रोज काठी टेकत खाली जायचा आणि तिथलं पाणी ग्लासात घेऊन उजेडाला धरायचा. नितळ असलं की बांध ठीक. गढूळ दिसलं की समजायचं, पाणी आतून माती खातंय. हिवाळ्यात दादा छातीच्या दुखण्याने गेला. त्याचा ग्लास मी स्वतः त्याच्या चौकीच्या फडताळात ठेवून कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्याच कमरेला.

ग्लासाच्या तळाशी गाळ बसला होता.

कुणीतरी थट्टा केली असेल म्हणून मी पाणी ओतलं, ग्लास पालथा घातला आणि तिकिटांचा गठ्ठा काढायला वळले. पुन्हा पाहते तर ग्लास सुलटा. काठोकाठ भरलेला. आतला गाळ अजून गरगर फिरत होता. आणि वास आला निलगिरीच्या तेलाचा... दादा खोकल्यासाठी छातीला चोळायचा, तोच.

"दादा...?"

बांधावर, धुक्यात, काठी टेकल्याचा आवाज. ठक... ठक... पायथ्याकडे उतरत जाणारा.

अंगावर सरसरून काटा आला. पण चाल दादाची होती, आणि त्या चालीमागून जायला मी लहानपणापासून कधी घाबरले नव्हते. पदर खोचला आणि निघाले. पुढे माणूस दिसत नव्हता. नुसतं दंवाने भिजलेलं गवत दबत होतं आणि पुन्हा वर येत होतं. गटारापाशी ते दबायचं थांबलं.

गटारातलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. एका जागी तर उकळी फुटल्यासारखं खालून वर येत होतं.

आणि गटाराला लागूनच शर्यतीतल्या मुलींचा तंबू. आत वेण्या घालणं चाललं होतं, खिदळणं चाललं होतं. "सगळ्या बाहेर या, वर या," मी ओरडले. लेकीने डोकं बाहेर काढलं. "आई, केस तरी बांधू दे गं," म्हणाली आणि परत आत गेली.

एकेकीला ओढत बसण्यापेक्षा आधी पाणी उतरवायला हवं, म्हणून मी धावत सांडव्यावर गेले. जास्तीचं पाणी जिथून निघून जायचं, तिथे शर्यतीसाठी फळ्या अडकवून तळं तुडुंब भरलं होतं. दादा दरवर्षी या फळ्यांवरून भांडायचा. यंदा भांडायला कुणी नव्हतं. होड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी गळ्यात शिट्टी अडकवून तिथेच उभे होते.

"फळ्या काढा. खाली गाळ येतोय."

"ताई, पाहुणे यायला लागलेत. बांधाच्या तपासणीच्या मॅडम पुढच्या महिन्यात येणारच आहेत. त्यांना दाखवू."

"पुढच्या महिन्यात दाखवायला बांध शिल्लक पाहिजे ना."

"अगदी दादांसारखं बोलायला लागलात." ते हसले. "काढा मग तुम्हीच. पण एकीला जमायचं नाही, फळीला दोन्हीकडून माणूस लागतो. आणि मी काही हात लावणार नाही."

मी एक टोक धरून ओढलं. फळी फुगून खाचेत घट्ट बसली होती. नखं तुटली, पण ती हलेना. खाली मुली हसत होत्या, आणि माझ्या घशातून नुसतं "दादा, धर रे..." एवढंच निघालं.

शेजारी दगडावर काठी ठेवल्याचा आवाज आला. निलगिरीचा वास. आणि फळीचं दुसरं टोक उचललं गेलं.

सेक्रेटरींनी पाहिलं. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण ती वाजली नाही.

मग काय सांगू तुम्हाला. एकेक फळी निघत गेली, पाणी धडाडत सुटलं, आणि माझ्या हातांत कुठून बळ आलं देव जाणे. भीती राहिलीच नाही. दादाबरोबर लहानपणी जड बादली दोघांनी धरून आणायचो, तसं वाटत होतं. आवाज ऐकून मुली तंबूतून धावत वर आल्या. "आई, आमचं पाणी सोडलंस!" लेक रडायला लागली. होड्या चिखलाला टेकल्या.

ती अजून रडत होती तेवढ्यात बांधाचा खालचा उतार ढासळला आणि मातीचा लोंढा तंबूवर कोसळला. तंबू रिकामा होता. नंतर उकरल्यावर कंगवे आणि रिबिनी निघाल्या.

तपासणीच्या मॅडम त्याच दिवशी आल्या. "पाणी उतरलं नसतं तर अख्खा बांध गेला असता," म्हणाल्या. "तुमच्याबरोबर फळीला कोण होतं?"

सेक्रेटरी दुसरीकडे बघत म्हणाले, "होतं कुणीतरी."

पुढे बांध उकरून नवा घातला. फळ्या तर सेक्रेटरींनी स्वतः फोडून जाळल्या. उद्या पुन्हा शर्यत आहे, आणि तुम्ही मघापासून तिकीट मागताय. मी ते अजून दिलं नाही, त्याला कारण आहे. हा बघा, कट्ट्यावर ग्लास. मी आले तेव्हा भरलेला होता. गढूळ.

मी गटार बघून आले. पाणी इतकं नितळ आहे, की तळाचे खडे दिसतात. मग दादाने हे भरून आणलं कुठून?

गप्प बसा जरा... येतोय ना ऐकू? ठक... ठक... पण बांधाकडे नाही जात तो. डोंगराच्या वाटेने चाललाय. वर, मोठ्या धरणाकडे.