मागे डावीकडे जरा बसतं

भुताच्या गोष्टीला काळोख लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दिवा मोठा करून बसावं. ही गोष्ट भर दुपारी सुरू होते, उन्हात, एका अगदी रटाळ कामाने. एका माणसाला जुनी गाडी घ्यायची होती. स्वस्त हवी, वाटेत दगा न देणारी हवी, आणि आजच हवी. अशा गिऱ्हाइकाला पाहिलं की गाड्या विकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. इथे उलटं झालं, ते सांगतोच.

त्या माणसाला सगळे जावईबापू म्हणत. मानाने म्हणत असतील असा गैरसमज नको. तो घरजावई होता. सासऱ्यांचा जन्म कड्या-कोयंडे विकण्यात गेला होता. दुकान मोडलं तेव्हा उरलेला माल म्हाताऱ्याने स्वतःच्याच दाराला ठोकला. पुढच्या दाराला आतून कडी, तिच्यावर अडसर, त्याच्यावर साखळी. दिवेलागण झाली की म्हातारा स्वतः उठून तिन्ही लावायचा, आणि त्यानंतर जावई आला तर आतूनच विचारायचा, "कोण?"

"मी."

"मी म्हणजे? मी तर आत आहे."

हा विनोद म्हातारा रोज करायचा आणि रोज स्वतःच हसायचा.

जावईबापू दुसऱ्याची टॅक्सी चालवत. मालकाने ती विकली आणि जावईबापू घरात बसले. म्हाताऱ्याला मग काय, आयतं खाद्य मिळालं. "बसा, बसा," तो म्हणायचा, "खुर्चीला तेवढं सांभाळा, ती माझ्या कमाईची आहे." अशात एका दवाखान्याकडून बोलावणं आलं. नर्सांना घरून आणायचं आणि घरी सोडायचं. कामाबरोबर दवाखान्याच्या मागच्या आवारात दोन खोल्या. अट एकच, गाडी स्वतःची हवी. मॅनेजर बाई म्हणाल्या होत्या, "उद्या सकाळी गाडीसकट या. नाही आलात तर दुसरा माणूस तयार आहे."

दोन खोल्या! स्वतःचं दार! बायकोनेही त्या दिवशी बापासमोर जावईबापूंची बाजू घेतली. म्हणाली, "अहो, तुम्ही गाडी आणाच. मी बॅग भरून ठेवते. गाडी दारात लागली की निघायचं, पाणी प्यायलासुद्धा थांबायचं नाही."

"भर, भर," म्हातारा म्हणाला. "बॅगेला कुलूप लावून देतो. हा गाडी आणतोय म्हणे! चाकं तरी मोजता येतात का बघ."

तर असे जावईबापू दुपारच्या उन्हात शहराबाहेरच्या भंगारशेठकडे पोहोचले. भंगारशेठ पोलिसांनी काढून टाकलेल्या गाड्या घ्यायचा आणि विकायचा. जावईबापूंचा हिशेब साधा होता. पोलिसांची गाडी म्हणजे तेलपाणी वेळेवर, इंजिन जबरदस्त. दिसायला भिकार असली तरी पळायला घोडा.

आवारात बऱ्याच उभ्या होत्या. एक कोपऱ्यात वेगळी होती, तोंड भिंतीकडे करून. शिक्षा दिलेल्या पोरासारखी. पांढरी, टपावर दिव्याची चार भोकं, आत वायरलेस उपटून काढल्याची जखम. दारावरची अक्षरं खरवडलेली होती, पण ऊन तिरकं पडलं की पुन्हा दिसायची.

जावईबापूंनी बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी ओढून पुसून पाहिली, तेल स्वच्छ. सुरू केली. पहिल्याच चावीला असा आवाज, की तब्येतीच्या माणसाने खाकरावं. धूर नाही, थरथर नाही. मागच्या बाजूला आले तेव्हा मात्र थबकले.

भंगारशेठ लांबूनच म्हणाला, "मागे डावीकडे जरा बसतं."

"बसते म्हणा. गाडी आहे ती."

"मी बसतं म्हणालो."

जावईबापूंनी मनात म्हटलं, याची शाळाही आपल्यासारखीच झालेली दिसते. वाकून पाहिलं. डाव्या चाकावरची स्प्रिंग कोरी करकरीत. दोन्हीकडच्या सारख्याच नव्या. तरी गाडी त्या कोपऱ्यात दबलेली, आणि मागच्या सीटचं रेक्झिन तिथेच खोलगट.

"स्प्रिंग नवी आहे. मग बसते कशाने?"

"हे बघा," भंगारशेठ म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम कडक झाला, "घ्यायची तर घ्या. पण मागचं काही विचारायचं नाही."

किंमत ऐकून जावईबापूंना आधी आनंद झाला, मग संशय आला, मग पुन्हा आनंदच झाला. माणसाचं असंच असतं, तुमचंही असंच आहे, उगाच मान हलवू नका. मागच्या दारांना आतून मुठी नव्हत्या. काचा खाली करायचे दांडेही काढलेले. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे लोखंडी जाळी.

"हे मागचे दरवाजे..."

"बाहेरून उघडतात. आतून नाही. पोलिसांची गाडी आहे, वरातीची नाही." आणि चावी हातात देताना भंगारशेठने जावईबापूंकडे असं पाहिलं, की गिऱ्हाइकाकडे कुणी तसं बघत नाही. "चालवा. गप्प चालवा. परत आणायची नाही."

गाडी पळाली मात्र झकास. जावईबापू शीळ घालू लागले. रस्त्याला दोन्ही बाजूंना गोदामं, सगळी बंद, माणूस नाही. गाडीत फिनेलचा वास होता. थोड्या वेळाने फिनेलच्या खालचा दुसरा वास वर आला. ओल्या चादरीचा. बंद खोलीत खूप दिवस घडी करून ठेवलेल्या ओल्या चादरीचा.

आणि मागे सीट करकरली.

आता इथे जावईबापूंनी चूक केली. पोलिसाच्या हातून ती जन्मात झाली नसती. टॅक्सीवाल्याचा एक कान कायम मागच्या सीटवर असतो. मागे सीट करकरली, म्हणजे गिऱ्हाईक बसलं. हात आपोआप मीटरच्या जागेकडे जातो, आणि तोंड आपोआप उघडतं. जावईबापूंचा हात वायरलेसच्या भोकाकडे गेला आणि ते मधाळ आवाजात म्हणाले,

"बोला, कुठं जायचं?"

म्हणाले, आणि स्वतःचंच हसू आलं त्यांना. शीळ पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात जाळीच्या मागून, अगदी मानेजवळून, कुणीतरी म्हणालं,

"घरी."

गाडी रस्त्याच्या कडेला कशी गेली ते जावईबापूंना कळलं नाही. आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. रेक्झिनचा खळगा होता. तो खळगा हळूहळू उजवीकडे सरकला, आरशाच्या मधोमध आला, आणि थांबला.

जावईबापू दार उघडून बाहेर उडी मारून पळाले, थोडं लांब जाऊन त्यांनी भंगारशेठला फोन लावला.

"शेठ... गाडीत..."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "विचारलंत?"

"चुकून विचारलं. कुठं जायचं म्हणून."

"अरे देवा." भंगारशेठचा आवाज खाली गेला. "पोलीस कधी विचारत नाही हो कुणाला, कुठं जायचं. पोलीस नेतो. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून गप्प होतं... आता सोडा त्याला, म्हणेल तिथे."

"आणि नाही सोडलं तर?"

"दार बाहेरून उघडेपर्यंत ते गाडीतच. आणि गाडी तुमची." फोन बंद.

जावईबापू उन्हात उभे राहिले. घाम सुटलेला, पण डोकं चालू होतं, कारण उद्याची सकाळ समोर होती. गाडी इथेच टाकून जावं, तर दोन खोल्या गेल्या. पुन्हा ते दार, पुन्हा तो "कोण?" आणि गाडी ठेवायची, तर आधी मागची सीट रिकामी करायला हवी. ते पाय ओढत परत आले. मागच्या काचेवर आतून वाफ धरली होती. एका तोंडाएवढी.

पुढच्या सीटवर बसून, मागे न बघता, त्यांनी विचारलं, "घरी म्हणजे... कुणाच्या?"

"जिथं आतून कडी लागते."

बास. एवढंच. पण ते ऐकलं आणि जावईबापूंची भीती कुठल्या कुठे पळाली. तिच्या जागी असा आनंद आला, की त्यांनी स्टेअरिंगवर थाप मारली. आतून कडी! अहो, कडी काय, अडसर आहे, साखळी आहे! म्हाताऱ्याला सोबत नको का? आपण बायकोला घेऊन निघणार, मग रिकाम्या घरात म्हाताऱ्याने रोज संध्याकाळी कुणाला विचारायचं, कोण म्हणून?

"आहे एक घर," जावईबापू म्हणाले. "एकदम तुमच्या पसंतीचं."

मागे सीट पुन्हा करकरली. वास वाढला.

गाडी दारात लागली तेव्हा उजेड उतरत होता. म्हातारा ओट्यावर उभाच होता, कडी लावायच्या तयारीत.

"पोलिसांची?" तो म्हणाला. "वा, जावईबापू! पकडून आणलं की स्वतःच गेलात?"

"मामा, जरा मागचं दार बघता का? खटका अडकतोय. तुमच्याइतकं कुणाला कळतं त्यातलं."

काय गोड आवाज काढला होता! म्हातारा फुगला. कड्या-कोयंड्यांचा माणूस, बिघडलेला खटका दिसला आणि त्याने हात लावला नाही असं होणंच शक्य नव्हतं. तो आला, मूठ हलवून पाहिली, "कुठं अडकतोय? लोण्यासारखा आहे," म्हणाला, आणि दार सताड उघडलं.

गाडीचा मागचा डावा कोपरा वर आला. हळूच. ओझं उतरल्यावर हमाल सुस्कारा सोडतो, तसा.

म्हातारा बाजूला झाला. कुणाला तरी वाट द्यावी तसा झाला, आणि का झालो ते त्याला कळलं नाही. ओट्याची फरशी ओली झाली, मग उंबरा ओला झाला.

"कसला वास हो हा?" तो पुटपुटला आणि आत गेला.

जावईबापू पोट धरून हसले. आता तुम्ही म्हणाल, हसून झालं तर निघायचं होतं. निघणारच होते. पण आतून बायकोचा आवाज आला, "अहो, बॅग जड आहे, एकटीला उचलत नाही. आत या पटकन."

चावी गाडीतच ठेवून जावईबापू आत गेले. त्यांच्या मागे दार लागलं. वारा नव्हता.

बायको बॅगेपाशी नव्हती. ती भिंतीला टेकून उभी होती.

"मी तुम्हाला हाक मारली नाही," ती म्हणाली. "तुमच्यासारखाच दिसणारा कुणीतरी, माझ्या आवाजात..."

"चला, आधी बाहेर चला." जावईबापू दाराकडे वळले. म्हातारा तिथे आधीच पोहोचला होता. सवयीने त्याचा हात कडीच्या जागेवर गेला होता, आणि दारावरून वरखाली फिरत होता. आंधळ्यासारखा.

"मामा, उघडा."

"कशाने उघडू?" म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "माझी कडी... जावईबापू, माझी कडी कुठंय?"

कडी नव्हती. अडसर नव्हता. साखळी नव्हती. मूठही नव्हती. फक्त स्क्रूची भोकं होती, जुनी, रंग बसून बुजलेली. खिडक्यांनाही तसंच. आणि तिघांनाही वाटलं, की खोली अरुंद झालीय, आणि आपण एकमेकांना चिकटून कसल्या तरी खोलगट रेक्झिनवर बसलोय.

बाहेर गाडी सुरू झाली. पहिल्याच चावीला.

मग दाराच्या पलीकडून कुणीतरी विचारलं. आवाज जावईबापूंचा होता, अगदी तोच, मधाळ, रोज गिऱ्हाइकाला विचारायचे तो.

"बोला, कुठं जायचं?"

जावईबापूंनी तोंड उघडलं. म्हाताऱ्याने घाबरून दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.

शेजारी सांगतात, दुसऱ्या दिवशी घर उघडंच होतं. आत भरलेली बॅग होती, माणूस नव्हतं. कडी, अडसर, साखळी, तिन्ही दाराला जागच्या जागी, तेल लावून पुसल्यासारखी.

दवाखान्यात गाडी वेळेवर आली. मॅनेजर बाई खूश झाल्या. ड्रायव्हर कमी बोलणारा, दोन खोल्या त्याला लगेच मिळाल्या. संध्याकाळी तो आतून कडी लावतो, काढतो, पुन्हा लावतो, बराच वेळ. नर्सांची फार तक्रार नाही. मागची दारं आतून उघडत नाहीत, आणि मागे बसावं तर गर्दीत बसल्यासारखं होतं, एवढंच. परवा एक थोरली नर्स उतरताना म्हणाली,

"दादा, गॅरेजला दाखवा हो. रिकामी असली तरी मागे पार खाली बसते."

त्याने वळून पाहिलं नाही.

"बसते नाही, सिस्टर," तो म्हणाला. "बसतात."