पॅरिसला न गेलेला पॅरिसकर

“पॅरिसमध्ये राहून आलेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो,” कोतोए म्हणाली. “नुसत्या चालीवरून! पॅरिसकर चालत नाही, तो रेंगाळतो. हा बघा, हाच बघा...”

तिचं बोट खिडकीबाहेर गेलं आणि कॅफेतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. जपानमधल्या कोबे शहरात, कितानोच्या चढावर बारीक पाऊस पडत होता. कॅफेच्या छपराखाली एक तरुण येऊन टेकला होता – तिरकी टोपी, काखेत लांबलचक पाव, चेहऱ्यावर सुंदर उदासी.

आता खरं सांगायचं, तर तेप्पेइ इकुमा रेंगाळत होता, कारण नवा बूट चावत होता. टोपी होती, कारण न्हाव्याने सकाळीच डोक्याचा सत्यानाश केला होता. पाव आईने मागवला होता. आणि पश्चिमेला म्हणाल, तर तो जन्मात शेजारच्या ओकायामा शहराच्या पुढे गेला नव्हता.

कोतोएने दार उघडलं. “आत या ना! पॅरिसला किती वर्षं होता?”

‘एकही नाही’ म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण समोरचे दोन डोळे असे काही चमकत होते, की जीभ आपोआप वळली. “तशी... फार नाहीत.”

आत टाळ्या पडल्या.

अशा रीतीने तेप्पेइ फ्रान्स मंडळाचा सभासद झाला. दर शनिवारी हे मंडळ जमायचं. फ्रान्समधल्या प्रेमाचे सिनेमे बघायचे, फ्रेंच राज्यक्रांतीवरची जाडजूड चित्रमालिका वाचून रडायचं, आणि मग टेबलावर तोच राज्यक्रांतीचा पटाचा खेळ मांडून एकमेकांची डोकी उडवायची. फ्रान्सला कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. कॅफेच्या मालकीणबाई हिसाए तर बंदरापलीकडेही जात नसत, पण खेळात दरवेळी राणी त्याच व्हायच्या आणि मान द्यायला ठाम नकार द्यायच्या.

तेप्पेइला एक शोध लागला. कुठल्याही प्रश्नाला खांदे उडवून तोंडाने ‘फू’ केलं, की सगळे खूश व्हायचे.

“पॅरिसचा पाऊस कसा असतो हो?” – फू.

“वा!” हिसाएबाई म्हणायच्या. “किती अचूक!”

एकदा कोतोएने पडद्यावर तिचा लाडका व्हिडिओ गेम लावला. त्यात जुन्या पॅरिसच्या छपरांवरून उड्या मारत हिंडायचं असतं. ती त्याच्या शेजारीच बसली होती, खांद्याला खांदा... म्हणजे लागत नव्हता, पण लागला असता.

“तुम्ही कुठे राहायचात? दाखवा ना.”

तेप्पेइने डोळे मिटल्यासारखं करून एका छपरावर बोट ठेवलं.

“इकुमासान, हा तुरुंग आहे.”

“भाडं कमी होतं.”

कोतोए इतकी हसली, की तिचा माणूस छपरावरून खाली पडून मेला. तेप्पेइचंही साधारण तेच झालं.

पण त्याच दिवशी, रिमोट बाजूला ठेवता ठेवता, ती सहज बोलून गेली. “शाळेत असतानाच मी ठरवलंय. पॅरिस न पाहिलेल्या माणसाच्या प्रेमात पडायचं नाही.”

झालं! तेप्पेइचा घास गोड लागेना. खरं सांगावं, तर ही गेली. न सांगावं, तर ही मिळणार ती त्या दुसऱ्याला, तुरुंगाच्या छपरावर राहणाऱ्याला. स्वतःचाच असा हेवा वाटणं काही बरं नव्हे.

जानेवारी आला. या महिन्यात फ्रेंच लोक ‘राजांचा केक’ कापतात. ज्याच्या तुकड्यात चिनीमातीची बाहुली निघेल, त्याला कागदी मुकुट. केक आणायचा मान अर्थातच पॅरिसकराचा. त्याने मोटोमाची बाजारातून केक आणला. दुकानातल्या मुलीने सोबत छोट्या पिशवीत चिनीमातीचं मेंढरू दिलं, ते त्याने भेटवस्तू समजून फोनला लटकवलं.

केक कापला. कोतोएने घास घेतला आणि टुणकन उठली. “मला! मला मिळाला!” तिच्या बोटांत एक अख्खा बदाम होता.

तेप्पेइ ताडकन उभा राहिला आणि कमरेत पार वाकला. “माफ करा! दुकानाची चूक आहे. केकमध्ये काहीतरी चुकून पडलंय. मी आत्ता परत करून येतो!”

मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, की जपानात बाहुली कुणाच्या घशात अडकू नये म्हणून दुकानदार ती वेगळी देतात आणि आत बदाम घालतात.

हिसाएबाईंनी डोळे पुसले. “बघा... बदामाचं त्यांना माहीतच नाही! तिकडे बाहुली आतच असते ना. याहून मोठा पुरावा काय हवा?”

पुन्हा टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांनी तेप्पेइचा धीर सुटला.

“बास! मी पॅरिसला गेलेलो नाही. मी इथून जवळच, आकाशी गावात, चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही!”

“चोरला असेल,” हिसाएबाई हळहळल्या. “तिकडे पाकीटमार फार.”

“हिसाएसान, मी खोटं बोललो हो!”

“किती हा विनय! खरा पॅरिसकर कधी मिरवत नाही.”

तेप्पेइने टोपी उचलली आणि तो बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. मागून दार वाजलं. छत्री उघडली. कोतोए. डोक्यावर कागदी मुकुट तसाच.

“माझा विश्वास आहे,” ती म्हणाली. “तुम्ही नाहीच गेलात. तुरुंगाच्या दिवशीच कळलं.”

“मग... बोलला का नाहीत?”

“कारण –” तिने छत्रीची मूठ उगाच फिरवली. “मी जाऊन आलेय. एकदा. कुणाला सांगू नका. पहिल्याच दिवशी हॉटेल हरवलं, भर चौकात रडले, पोलिसाने हाताला धरून आणून सोडलं. उरलेले दिवस खोलीत बसून कपातले नूडल्स खाल्ले आणि फोनवर सुमोच्या कुस्त्या बघितल्या.”

तेप्पेइला हसू आवरेना. “आणि लांबून ओळखू येतात म्हणे!”

“गप्प बसा! एखादा खरा पॅरिसकर भेटला असता, तर माझी फजिती उघड झाली असती. तुम्ही बरे. इतकं वाईट खोटं बोलता, की मी आठवडाभर पुढच्या थापेची वाट बघते.”

“आणि ती... शाळेतली अट?”

“अट माझी. मोडेनही मीच.”

पाऊस छत्रीवर टपटपत राहिला. तेप्पेइने एकदाचा श्वास घेतला. “कोतोएसान, मला तुम्ही आवडता. माझ्याबरोबर... फिराल? ओकायामापर्यंत तरी?”

“फू,” तिने खांदे उडवले. मग कानापर्यंत लाल होत म्हणाली, “हो. आणि आता ‘तू’ म्हण.”

सिनेमात अशा वेळी दोन्ही गालांवर ओठ टेकवतात, हे दोघांनाही पाठ होतं. आधी कुठला गाल, हे मात्र कुणीच नीट बघितलं नव्हतं. दोघंही एकाच बाजूला वळले आणि तोंडावर तोंड आदळलं.

तेप्पेइचा पुढचा दात अर्धा तुटला. शनिवारची संध्याकाळ असल्यामुळे दातांचे सगळे दवाखाने बंद होते.