पहिला मासा नदीचा

पाओरा काकांना डोळे मिटण्याआधी ट्राउट माशाचा एक घास हवा होता. वरच्या खोऱ्यातला, धुरावर भाजलेला. बस्स, एवढंच! आणि आमच्याकडे ट्राउट विकायलाच बंदी. खिशात नोटांची थप्पी असू दे, नदीत उभं राहिल्याशिवाय मासा ताटात येत नाही. म्हणून भर जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, रुआपेहूचा डोंगर पायथ्यापर्यंत पांढराफेक असताना, मी आणि काकांचा पोरगा केरेआमा निघालो.

"तुरोआ, आज चेष्टा नको," त्यानं गाडीतच बजावलं.

"नाही करत. पण भावा, तुझा शेंबूड गोठलाय, एवढं तरी सांगू ना?"

तो हसला नाही. तेव्हाच कळलं, दिवस वाईट जाणार.

नदी काळी होती. काठच्या दगडांवर बर्फाची साय धरलेली, गवताचं पातं न् पातं काचेचं. छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून आम्ही पाण्यात उतरलो आणि गळाला पिसांच्या खोट्या माश्या बांधून फेकत राहिलो. ओली दोरी काठीच्या कड्यांत गोठायची. मग कडी तोंडात धरून बर्फ वितळवायचा, पुन्हा फेकायचं. ओठांची सालं निघाली. दुपार कलली.

आणि केरेआमाची काठी वाकली!

चांदीसारखी मादी, अंगावर गुलाबी पट्टा. मी ठेचायला दगड उचलला.

"थांब," तो म्हणाला. "पहिला नदीचा."

पहिला मासा तांगारोआला, माशांच्या देवाला, परत द्यायचा, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. पण आज?

"अरे, तांगारोआला सांगणार कोण? मी तर नाही बोलत!"

"बाबांनी विचारलं तर?"

"हा दुसरा आहे म्हणायचं!"

"आता खोटं बोलू त्यांच्याशी? ह्या वेळेला?"

मी दगड खाली टाकला. त्यानं मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले हलले, शेपटी फटकारली. गेला!

मग काहीच नाही. गारांचा पाऊस सुरू झाला, पाणी गढूळ होत चढू लागलं.

"चल, केरे. नदी फुगतेय."

"एकदाच फेक ना. शेवटचं."

मी फेकलं, आणि लागला! हा थोरला होता, काठी कमानीसारखी झाली. केरेआमा जाळी घेऊन पुढे सरसावला. एक पाऊल. दुसरं. आणि डोकं दिसेना!

काठी टाकली. मासा, काठी, दोरी, सगळं गेलं. मी दगडांवरून धावलो, पडलो, उठलो. खालच्या वळणावर प्रवाह काठाला घासून जातो. तिथं पालथा पडलो, पाय मुळात अडकवले. आला! कॉलर धरली. वर येईना! विजारीत नदीच भरलेली. सुरी काढून खांद्याचे पट्टे कापले, रबर भसकन फाडलं. आतलं पाणी सांडलं आणि पोरगा एकदाचा काठावर आला, निळा पडलेला.

"झोपतो जरा," तो पुटपुटला.

झोपला की संपला! ओले कपडे ओरबाडून माझे रबराखालचे कोरडे चढवले, थोबाडीत दिल्या. गाडीपर्यंत खांद्यावर ओढत त्याच्या बायकोपासून त्याच्या रग्बीपर्यंत सगळ्याची खिल्ली उडवली.

"तुझ्यापेक्षा तो मासा बरा पोहत होता, बोंबल्या!"

"गप... बस... डुकरा," तो म्हणाला. इतकी गोड शिवी मी जन्मात खाल्ली नव्हती.

दिवेलागणीला घरी पोचलो. रिकाम्या हातांनी. वाटेत मी चार सबबी रचल्या होत्या. काकांनी एकही बोलू दिली नाही. पोराचा हात नाकाशी नेऊन हुंगला.

"पडलास?"

"हो, बाबा. एक मिळाला होता. पहिला. सोडला. दुसरा..."

"मूर्खा, मासा आणायला धाडलं होतं. मासा व्हायला नाही!"

काका हसले. हसता हसता खोकले, खोकता खोकता रडले, आणि तो गारठलेला हात त्यांनी आपल्या पांघरुणात ओढून घेतला.

दोन दिवसांनी गेले. ट्राउट न खाताच. पोरगा मात्र उशाशी होता.