लाल रेषेपलीकडचा विषय

प्रवेशाच्या खोलीत आता फारसं बोलावं लागत नसे. कपाळाला कलपट्टी बांधायची आणि पडद्यावर एकेका विषयाचं नाव बघत बसायचं. मेंदूतल्या लहरींवरून विषयाकडचा कल ओळखून पट्टी हिरवी किंवा लाल रेषा काढी आणि मेंदूविज्ञानाच्या पदवीचा चार वर्षांचा आराखडा छापून देई. लाल विषय आपोआप गळत.

हेमांगी केतकरच्या आराखड्यात सगळं होतं. फक्त ‘स्मृतिविकार’ नव्हता.

“याच विषयासाठी मी बेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात आलेय, सर.”

गावडे सरांनी चष्मा वर सरकवला. विभागात हा विषय तेच शिकवत. “नाव दिसताच तुमची रेषा भडकली. पट्टी सांगतेय, झेपणार नाही.”

“माझी आई तुमच्या प्रयोगशाळेत आहे. फेब्रुवारीत तिचा मेंदू दान केला, तिच्याच इच्छेने. शेवटी ती मला ताई म्हणायची, स्वतःची थोरली बहीण समजून. रेषा भडकणार नाही तर काय?”

सर नरमले. “मग शमन करून घ्या. दोन-तीन बैठका. आठवण राहते, तिची धग जाते. पट्टी लगेच हिरवी होईल.”

हेमांगीला मोह झालाच. निदान फेब्रुवारीपासून बंद असलेलं आईचं कपाट तरी उघडता येईल.

“नको,” ती म्हणाली. “आईजवळचं सगळं त्या आजाराने हिसकावून नेलं. माझ्याजवळचं मी आपण होऊन देऊ?”

“अहो, पण यंत्राचं तुमच्याशी काय वैर आहे?”

“मग तुम्ही लावा.”

“काय?”

“पट्टी. विषय तर तुमचाच आहे. घाबरता की काय?”

रांगेतली एक मुलगी फिसकन हसली. सरांनी तिच्याकडे डोळे वटारले आणि मुकाट पट्टी बांधली. पडद्यावर विषयाचं नाव आलं. रेषा लालभडक. खाली तोच शेरा: झेपणार नाही.

“बिघडलंय वाटतं,” सर पुटपुटले. पट्टी काढायला उचललेला हात मात्र कपाळाशीच थांबला. मग ते म्हणाले, “माझे वडील. त्यांनाही हाच आजार. त्यांच्यामुळेच तर या विषयाकडे वळलो.”

“तेव्हा ही पट्टी असती तर?”

सरांनी तिच्या छापील आराखड्यावर पेनने ‘स्मृतिविकार’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. “नियमात बसत नाही हे. वरून विचारणा होईल.”

“होऊ दे. मी आहे ना! आणि पहिल्या तासाला दान केलेल्या मेंदूच्या बरणीपुढे हात जोडायची पद्धत आहे ना तुमच्याकडे? मी नुसते हात जोडणार नाही. आई म्हणून हाक मारणार.”

ती दाराशी पोचली तेव्हा मघाची मुलगी खुर्चीत बसून पट्टीकडे हात नेत होती.

“थांब,” सर तिला म्हणाले. “आधी सांग, तुला काय शिकायचंय?”

हेमांगी वळून बघत राहिली. इतकी वर्षं लाल रेषा दाखवून याच दारातून परत पाठवलेली ती सगळी मुलं कोणाचं दुःख घेऊन आली होती? आणि शिकू दिलं असतं तर त्यांना काय सापडलं असतं?